एसा ग्रे आणि हरवलेले रानफूल

अमेरिकन वनस्पतिशास्त्राच्या आद्य आचार्यांत एसा ग्रे यांची गणना होते. न्यूयॉर्क राज्यातील सॉकोइट येथे १८१० साली, कातडी कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८३१ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. परंतु मन रमले ते झाडाझुडपांत. पुढे ते हार्वर्डला प्राध्यापक झाले आणि डार्विनच्या मताचे अमेरिकेतील पुरस्कर्ते म्हणून गाजले. आम्हांस मात्र येथे सांगावयाची आहे ती त्यांच्या एका रानफुलाची हकीकत.

मिशिगन विद्यापीठासाठी ग्रंथखरेदी करण्यास ग्रे युरोपात गेले असता, १८३९ साली पॅरिसच्या वनस्पतिसंग्रहात त्यांना एक निनावी नमुना आढळला. फ्रेंच संशोधक आंद्रे मिशो यांनी तो १७८८ साली अमेरिकेत गोळा केला होता. पाने होती, फळ होते, फूल नव्हते. चिठ्ठीवर स्थळ म्हणून कॅरोलिनाचे उंच पर्वत एवढीच नोंद. तेवढ्यावरून ही प्रजाती निराळी असल्याचे ग्रे यांनी ताडले व केंटकीच्या डॉ. शॉर्ट यांच्या सन्मानार्थ १८४२ साली तिला शॉर्टिया हे नाव दिले.

१८४१ साली ग्रे यांनी नॉर्थ कॅरोलिनाचे डोंगर पालथे घातले होते; पण हाती काही लागले नाही. डॉ. शॉर्ट १८६३ साली निवर्तले. आपल्या नावाचे फूल त्यांनी पाहिलेच नाही. अखेर १८७७ साली मॅरियन गावाजवळ कॅटॉबा नदीकाठी जॉर्ज हायम्स या सतरा वर्षांच्या मुलास ते सापडले. चकचकीत गोलसर पाने आणि देठागणिक एकच पांढरे, दातेरी कडांचे, घंटेसारखे फूल! ग्रे यांनी नमुना पाहताच ओळख पटविली आणि १८७९ साली, अडुसष्टाव्या वर्षी, ते स्वतः तेथे जाऊन आले.

इतकी वर्षे ते का सापडले नाही? शोध चालला होता उंच डोंगरांवर, आणि रोप वाढत होते खाली, ओढ्यांच्या सावलीत. शिवाय ते मार्च-एप्रिलमध्येच फुलून जाते. कागदावरील नोंद प्रमाण मानण्यात आमचे आयुष्य गेले. येथे नोंदीनेच वाट चुकविली, पाहणाऱ्याची दृष्टी मात्र खरी ठरली.

मिशो यांच्या मुलखातही ते १८८६ साली पुन्हा सापडले. ग्रे १८८८ साली वारले. त्या मुलखातील शॉर्टियाचे बरेचसे रान १९७० च्या दशकात जोकॅसी जलाशयाखाली बुडाले. म्हणूनच आमच्या मंडळाच्या बालगोपाळांस एवढेच सांगणे : रानात जाल तेव्हा फूल खुडू नका, पण ते कोठे व केव्हा पाहिले, हे मात्र नीट लिहून ठेवा.