डफावरून चिपळ्यांकडे : शाहीर अनंत फंदी

घरधनी परमुलखी गेलेला, निरोप नाही, दिलेले वचन मोडलेले. पेशवाईतल्या विरहाच्या लावण्यांत ही कैफियत पुन्हा पुन्हा येते. त्या शाहिरांपैकी अनंत फंदी यांचे आपल्या माळव्याशी नाते आहे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांची आठवण.

त्यांचा जन्म १७४४ चा, संगमनेरचा. आडनाव घोलप, घराणे ब्राह्मणाचे. गावातल्या मलिक फंदी या फकिराशी त्यांची दोस्ती जमली आणि ‘फंदी’ हे नाव त्यांनाही कायमचे चिकटले. तमाशाच्या फडात डफ हाती घेऊन त्यांनी लावण्या आणि पोवाडे गायिले. जगात कसे वागावे, कोठे फसू नये, हे रोखठोक सांगणारा ‘फटका’ तर त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

लावणीतले दुःख बाईचे असले तरी रचणारा पुरुष आणि फडात ती रंगवणाराही बहुधा नाच्या पोऱ्या. दूरच्या अर्जेंटिनातील टँगो गीतांतही दगा आणि ताटातूट आहे. पण तेथे बहुतेक वेळा टाकून दिलेला पुरुषच आपले गाऱ्हाणे गातो. आमच्या शाहिराने मागे राहिलेल्या बाईच्या तोंडी शब्द घातले.

फंदी होळकरशाहीत आले, तेव्हा महेश्वरी अहिल्याबाईंनी त्यांची कानउघाडणी केली, असे परंपरा सांगते. ब्राह्मणाने ही वाणी तमाशात खर्चू नये, असा त्यांचा रोख होता. फंदींनी ते मनाला लावून घेतले आणि ते कीर्तनाकडे वळले. पुढे सवाई माधवरावांच्या १७९५ मधील मृत्यूवर त्यांनी ‘माधवनिधन’ हे काव्य रचले. पेशवाई बुडाल्यावर वर्षभराने, १८१९ मध्ये, ते निवर्तले.

या गोष्टीचा बोध आम्ही लहानपणापासून एकाच बाजूने ऐकला : शाहीर सुधारला. पण बोलणारी बाई कोण होती? तिचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. मोहिमेवर गेलेला माणूस परत न येणे म्हणजे काय, हे तिला कोणी गाऊन सांगायला नको होते.

देवी अहिल्याबाईंविषयी आमचा आदर तसूभरही कमी नाही. तरी वाटते, त्या लावण्याही आपल्याच आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीनिमित्त नर्मदा ओलांडून इकडे आले, देपालपूर-गौतमपुऱ्याकडे स्थिरावले. त्यांची नावे आपण वंशावळीत जपली. उंबऱ्यात वाट पाहत राहिलेल्या बायकांची नावे तेथे क्वचितच सापडतील. त्यांचे दुःख मात्र शाहिराने राखले.

म्हणून यंदा बाप्पापुढे कीर्तन होईलच, पण त्यानंतर एक विरहाची लावणीही म्हणू या. घरातल्या ज्येष्ठ आजींना मात्र पुढच्या रांगेत बसवा.