लढाई एका दिवसाची, दाणापाणी २१ वर्षांचं : ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि त्याच्या घोड्याची गोष्ट

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात घोड्यावर बसलेल्या एका सेनापतीचा पुतळा आहे. तो जगभर ओळखला जातो ते त्याच्या डोक्यावरच्या नारिंगी ट्रॅफिक कोनमुळे. रात्री कुणीतरी पुतळ्यावर चढतं आणि कोन ठेवून येतं. पालिका तो काढते. काही दिवसांत नवा कोन हजर. कधीकधी तर खालच्या घोड्यालाही एक मिळतो.

हा सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, अर्थात ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा. आणि त्याच्या १२ वर्षं आधी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ मराठ्यांच्या फौजेशी लढलेला.

शाळेच्या पुस्तकात तो तह आणि सनावळ्यांमध्ये भेटतो. पण त्याच्या घोड्यांकडे बघितलं की दुसराच वेलिंग्टन दिसतो. घोडा असणं ही रुबाबाची गोष्ट, हे सगळ्यांनाच माहीत असतं. घोडा सांभाळणं म्हणजे काय, हे मात्र या माणसाला आयुष्यभर पुरून उरलं.

घोडेस्वारीच्या शाळेतला पोरगा

आर्थरचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. घराणं सरदारांचं, वडिलांना संगीताचा नाद. १७८१ मध्ये वडील गेले आणि घरात किताब उरला, पैसा उरला नाही. ईटनसारख्या नामांकित शाळेत घालूनही पोराची चमक काही दिसेना. शेवटी १७८६ मध्ये त्याला फ्रान्समधल्या आंजेर इथल्या घोडेस्वारीच्या अकादमीत पाठवलं. तिथं तो मांड पक्की करायला शिकला, तलवारबाजी शिकला आणि फ्रेंच बोलायला लागला. म्हणजे पुढे ज्यानं फ्रेंचांना धूळ चारली, त्याला घोड्यावर नीट बसायला फ्रेंचांनीच शिकवलं.

वर्षभरात थोरल्या भावाच्या वशिल्यानं तो सैन्यात लागला. आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला स्वतःच्या बसण्याचा घोडा स्वतः बघावा लागायचा. आणि एका घोड्यानं भागत नसे. एक थकला की दुसरा लागतो, दुसरा लंगडला की तिसरा. पुन्हा प्रत्येकाची चंदी, वैरण, खोगीर, नाल, मोतद्दार हे सगळं आलंच.

पूर्ण वाढलेल्या, ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण १० किलो खाणं लागतं, पाणी २५ ते ४० लिटर. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासून नाल बदलावे लागतात. आणि काम असो वा नसो, त्याला हलवावं लागतंच. न फिरवलेला घोडा अडतो, हे आपल्याकडे बिरबलाच्या गोष्टीमुळे लहान पोरांनाही माहीत असतं.

दख्खनमधला ‘डायोमेड’

१७९७ मध्ये आर्थर भारतात आला. पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला, त्यामुळे नशीब उघडलं. पण त्याच्याकडे आलेला पहिला नामी घोडा एका मृत्यूमुळे आला. डिसेंबर १७९८ मध्ये कर्नल ॲस्टन नावाचा अधिकारी द्वंद्वयुद्धात गोळी लागून गेला. मरताना त्यानं आपला अरबी घोडा आर्थरला देऊन टाकला. घोड्याचं नाव डायोमेड.

भारतात घोडा ठेवायचा तर सोबत माणसंही ठेवावी लागत. घोडदळात एकेका घोड्यामागे एक मोतद्दार आणि एक गवत कापून आणणारा असे. म्हणजे हजार घोड्यांची पलटण निघाली की पाठीमागून दोन हजार माणसं नुसती घोड्यांसाठी चालायची. लढणारे वेगळे.

मराठ्यांना हे गणित कधीच पाठ होतं. त्यांच्या एका करवसुलीचं नावच ‘घासदाणा’ होतं. त्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. आणि शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा. शिलेदाराला पगार जास्त, मानही जास्त. पण घोडा मेला तर नुकसान बहुतेक वेळा त्याचंच. घोडा गेला की शिलेदारकी गेली. त्यामुळे हातघाईच्या लढाईत जनावर घालायला शिलेदार कचरायचे, असं त्या काळच्या लोकांनी नोंदवून ठेवलंय. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. पण घरातली सगळी पुंजी ज्याच्या मांडीखाली उभी आहे, तो ती तोफेच्या तोंडी सहजासहजी कशी देईल?

१८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवण्यासाठी आर्थर म्हैसूरकडून पुण्याला निघाला. पुणं जाळलं जाणार, अशी बातमी आली, म्हणून शेवटचे ६० मैल त्यानं घोडदळासह ३२ तासांत कापले आणि २० एप्रिलला पुण्यात पोचला. अशा दौडीनंतर माणूस रात्रभर झोपून सकाळी उठतो. घोड्याचं तसं नसतं. पाठ सोललेली असते, पाय सुजलेले असतात, आणि त्याला पुन्हा उभं करायला दिवसच्या दिवस जातात.

ऑगस्टमध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. केळना नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं अशी असतील तर मध्ये उतार असणारच, या एका अंदाजावर त्यानं फौज पाण्यात घातली. अंदाज बरोबर निघाला. नदी ओलांडताना शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं. लढाईत त्याच्या बाजूची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याच्या खालचा एक घोडा गोळी लागून पडला. दुसऱ्यावर बसला, तर त्याला भाला लागला. तो दुसरा घोडा म्हणजे डायोमेड.

लढाई जिंकली. पण लगेच पुढच्या आठवड्यात हा विजयी जनरल मित्र जॉन माल्कमला पत्र लिहून काय मागतो? त्याच्याकडचा करडा अरबी घोडा. आपल्याजवळ आता बसण्यापुरते घोडे उरले नाहीत, असं त्यानं सरळ कळवलं. सोबत नवी खोगिरं आणि लगामही मागितले. शिंद्यांच्या कवायती फौजेचा पाडाव केला, पण पाठलागाचं घोडं इथं पेंड खात होतं.

गवत उगवेपर्यंत थांबलेली फौज

१८०५ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे १८०८ पासून स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या सरदारांशी सहा वर्षं झुंज चालली. या युद्धाच्या नकाशांवर बाणच बाण दिसतात. हे बाण कधी निघायचे हे मात्र बऱ्याचदा गवत ठरवायचं. हिवाळ्यात हजारो घोड्यांना पुरेल असा चारा त्या उघड्या डोंगराळ मुलखात मिळत नसे. १८१३ ची मोठी मोहीम मे महिन्यात सुरू झाली, कारण तोवर शेतात हिरवा चारा आला होता.

मधल्या हिवाळ्यात हा माणूस काय करत होता? कोल्ह्यांची शिकार. पोर्तुगालमधल्या एका छोट्या खेड्यात छावणी, सोबत शिकारी कुत्र्यांचा कळप आणि शिकारीसाठी वेगळे घोडे. कोल्हा हाती लागो न लागो, दौड झाली म्हणजे झालं. कामाच्या डोंगराखालून बाहेर पडायची त्याची हीच एक वाट होती.

कोपनहेगन

१८०७ मध्ये ब्रिटिशांनी डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराला वेढा घातला. तिथं एका जनरलनं आपली घोडी नेली होती. ती गाभण होती, हे नंतर कळलं. १८०८ मध्ये झालेल्या शिंगराला शहराचंच नाव दिलं गेलं. शिंगरू खानदानी होतं. अठराव्या शतकातला अजिंक्य शर्यती घोडा ‘एक्लिप्स’ हा त्याचा आजा. पण शर्यतीत कोपनहेगननं फार दिवे लावले नाहीत. हात बदलत तो स्पेनला पोचला आणि १८१३ मध्ये वेलिंग्टनकडे आला.

रंग गडद तांबूस, उंची बेताची, स्वभाव तिखट. मागून कुणी गेलं की लाथ ठरलेली. दाणा खायचा तोही आडवा पडून, जे घोडे सहसा करत नाहीत. त्याच्यापेक्षा वेगवान आणि देखणे घोडे पुष्कळ होते, हे वेलिंग्टनही मान्य करायचा. पण दमाला त्याला तोड नव्हती.

आणि हा दम लागला १८ जून १८१५ ला. वॉटर्लूच्या मैदानात वेलिंग्टन सकाळी त्याच्यावर बसला आणि रात्र पडेपर्यंत त्याच्यावरच होता. पंधरा तासांच्या आसपास. सैन्याची फळी जिथं वाकायची तिथं तो स्वतः जायचा, म्हणजे घोडा जायचा. त्याच्या भोवतीचे अधिकारी एकामागून एक पडत होते. घोडदळाचा प्रमुख लॉर्ड अक्सब्रिज याचा पाय गेला. खास विश्वासातला गॉर्डन प्राणघातक जखमी झाला. या दोघांना ओरखडासुद्धा नाही.

रात्री मुक्कामावर पोचल्यावर वेलिंग्टन खाली उतरला आणि कौतुकानं घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. कोपनहेगननं सणसणीत लाथ झाडली. थोडक्यात हुकली. दिवसभरात नेपोलियनच्या तोफांना जे जमलं नाही, ते त्या एका लाथेत होता होता राहिलं.

मग पुढं काय?

घोड्यांच्या गोष्टी बहुतेक इथं संपतात. पण कोपनहेगन तेव्हा फक्त सात वर्षांचा होता. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो आणि त्यातली शेवटची दहा-पंधरा वर्षं तो फारसं काही काम करत नाही. खातो मात्र रोज. लढाईवरून परतलेल्या साध्या घोड्यांचा बाजार मांडला जायचा. नशीब असेल तर गाडीला, नसेल तर खाटकाकडे.

कोपनहेगनचं तसं झालं नाही. १८१७ मध्ये कृतज्ञ देशानं वेलिंग्टनला हॅम्पशायरमधली स्ट्रॅटफील्ड से ही जहागीर घेऊन दिली, किंमत २ लाख ६३ हजार पौंड. तिथल्या कुरणात म्हातारपण काढायला घोड्याला जागा मिळाली. इतकी जमीन आणि नोकरचाकर असलेल्याला घोडा पोसणं जड नव्हतं, हे खरंच. वेलिंग्टनचं मोठेपण त्यात शोधायला नको. पण हा काही मायाळू माणूस नव्हता, हेही लक्षात ठेवावं लागतं. स्वतःच्या सैनिकांबद्दल तो फार तुच्छतेनं बोलायचा. बायको किटीशी त्याचा संसार कोरडाच राहिला.

आणि कुरणातल्या त्या घोड्याला हातानं पाव भरवायची ती किटीच. घोड्याला त्याची इतकी सवय लागली, की कुणीही बाई दिसली तरी तो पावासाठी पुढे यायचा. पाहुण्या बायका आठवण म्हणून त्याचे केस न्यायच्या. त्या केसांची कंकणं व्हायची आणि तसं एक किटीच्याही हातात होतं. नवरा-बायकोत फारसं काही न उरलेल्या घरात निदान हा लाथाड्या घोडा दोघांचा होता.

दरम्यान ड्यूक राजकारणात शिरला. १८२८ मध्ये पंतप्रधान झाला, १८३० मध्ये पायउतार झाला. मतदानाच्या सुधारणांना त्याचा कडवा विरोध होता, त्यामुळे लोक खवळले. एप्रिल १८३१ मध्ये किटी वारली आणि तिचा देह लंडनच्या घरात असतानाच जमावानं त्या घराच्या काचा फोडल्या. वॉटर्लूच्या विजयाला तेव्हा सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती.

इकडे घोडा म्हातारा होत चालला होता. शेवटी त्याला दिसेना, ऐकू येईना. १२ फेब्रुवारी १८३६ ला, २८ व्या वर्षी तो गेला. त्याला स्ट्रॅटफील्ड सेमध्येच लष्करी मानवंदना देऊन पुरलं.

पुरण्याआधी वेलिंग्टनच्या लक्षात आलं की घोड्याचा एक खूर गायब आहे. कुणीतरी आठवण म्हणून कापून नेला होता. हजारोंची प्रेतं शांतपणे बघितलेला हा माणूस त्या दिवशी भयंकर संतापला. नेपोलियनचा म्हणून ओळखला जाणारा ‘मारेंगो’ घोडा मेल्यावर त्याचा सांगाडा लंडनच्या संग्रहालयात उभा केला गेला. त्याच्या शेजारी ठेवायला कोपनहेगनचाही सांगाडा मागण्यात आला. वेलिंग्टननं दिला नाही. तो नेमका कुठं पुरलाय ते आपल्याला ठाऊक नाही, असं त्यानं सांगून टाकलं. वाड्यावर काम करणाऱ्या बाईंना मात्र जागा बरोबर माहीत होती. १८४३ मध्ये त्यांनी तिथं ओकचं झाड लावलं.

१८५२ मध्ये वेलिंग्टन गेला. त्याच्या अंत्ययात्रेत एक रिकामा घोडा चालवला होता, रिकिबीत उलटे अडकवलेले बूट. शवगाडी इतकी जड होती की बारा घोडे जुंपूनही ती वाटेत चिखलात रुतली आणि पोलिसांना हात लावावा लागला.

चोरीला गेलेला खूर पुढे सापडला. ड्यूकच्या मुलाकडे तो परत आला आणि त्यानं त्याची शाईची दौत करून घेतली.