राजवाड्यातून देवघराकडे

कालिदासाचे ‘शाकुंतल’ ज्यांनी कधी उघडलेही नाही, अशा असंख्यांना पायातील काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला ठाऊक असते. ग्रंथातील नायिकेला घरोघरच्या भिंतीवर आणणाऱ्या राजा रविवर्मा यांची गणना केवळ चित्रकारांत करणे म्हणूनच अपुरे ठरते.

त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे १८४८ साली त्यांचा जन्म झाला. तैलरंगाचे पाश्चात्त्य तंत्र त्यांनी मुख्यत्वे स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले आणि त्या तंत्राने महाभारतातील व संस्कृत काव्यनाटकांतील प्रसंग रंगविले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी त्यांनी केलेली चौदा पौराणिक चित्रे १८९० च्या सुमारास पूर्ण झाली. परंतु राजवाड्यातील चित्र, ते कितीही थोर असले तरी, निमंत्रितांनाच दिसते. रविवर्मा यांच्या चित्रांच्या रंगीत प्रती काढून त्या लोकांत पसरवाव्यात, ही सूचना दिवाण सर टी. माधवराव यांनी पूर्वीच केली होती. तदनुसार १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना उभा राहिला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आले. प्लेगच्या काळात मुंबईचे व्यवहार विस्कळीत झाल्यावर, शतक संपता संपता, छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला.

या उद्योगाचे अर्थशास्त्र उद्बोधक आहे. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करावा लागे, त्यामुळे आरंभीचा खर्च मोठा. मात्र पुढची प्रत्येक प्रत स्वस्त. जी वस्तू एकट्या संस्थानिकाला परवडत होती, ती अशा रीतीने कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या आवाक्यात आली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर लागू शकली. हा बदल सामान्य नव्हे. परंतु समाजाला लाभ झाला म्हणून उद्योजकाला नफा होतोच असे नाही. छापखाना कर्जात बुडाला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९०६ साली रविवर्मा निवर्तले. त्यांच्या प्रतिमा मात्र दिनदर्शिका, काड्यापेट्या आणि कापडाच्या ठाणांवरील छाप यांतून पसरतच राहिल्या. याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पुराणकथेला पडद्यावर चालते केले.

आनंद कुमारस्वामी प्रभृती समीक्षकांनी या कलेला नाटकी आणि पाश्चात्त्यांची उसनवारी ठरविले. या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. त्याहून गंभीर बाब अशी की, यंत्राने छापलेला एक चेहरा सर्वत्र पोहोचला, तेव्हा स्थानिक चित्रपरंपरांतील देवतांचे अनेक चेहरे मागे पडले. स्वस्ताईबरोबर एकसाचीपणा आला आणि त्याची किंमत प्रामुख्याने गावोगावच्या चित्रकारांनी मोजली.

तथापि या हानीवरचा उपाय चित्रे पुन्हा मोजक्यांच्या दालनात नेऊन ठेवणे हा नव्हे. कला सर्वांची व्हावी, हे रविवर्मा यांनी निम्मे साधले. सर्वांपर्यंत पोहोचताना ती अनेकरूपही राहावी, हे उरलेले निम्मे काम आपल्या ग्रंथालयांनी, शाळांनी आणि प्रकाशकांनी अंगावर घ्यावयास हवे.