आडनाव मेस्त्री, ओळख पेंटर! कोल्हापूरच्या बाबूरावांनी ब्रशच्या जोरावर उभा केला सिनेमा

गावात दुकानाची पाटी, ट्रॅक्टरमागचं नाव किंवा शाळेची भिंत रंगवणाऱ्याचं खरं आडनाव बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो सगळ्यांचा ‘पेंटर’ असतो. कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाचं असंच झालं आणि पुढे त्याच नावाने त्याला देश ओळखू लागला. ते म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूरावांचं मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घर कारागिराचं. कुठल्याही कला महाविद्यालयात न जाता चित्रकला आणि मूर्तिकाम त्यांनी स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केलं. नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच कसबी. १९१० नंतरच्या काही वर्षांत ही जोडी नाटकांचे पडदे रंगवण्यात आघाडीवर होती. संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या यांना त्यांचेच पडदे लागत.

पडदा रंगवणं सोपं काम नव्हे. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे दिसतात. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला तिथे खोल दरबार, लांब गेलेला रस्ता दिसला पाहिजे. लांबून काय दिसेल हे डोक्यात ठेवून जवळून हात चालवायचा, हेच या धंद्याचं मर्म. पाटी रंगवणाऱ्यालाही ते सांभाळावं लागतं.

स्वतः जुळवला कॅमेरा

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो स्वतःच बनवायला घेतला. पण १९१६ मध्ये आनंदराव वारले आणि काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते सोडलं नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन १९१८ मध्ये त्यांनी चालणारा कॅमेरा तयार केला. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं, की इंग्रज सरकारने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

गंमत म्हणजे ज्यांनी रंगवलेल्या पडद्यांवर नाव कमावलं, त्यांनीच सिनेमातून ते पडदे हटवले आणि खरेखुरे उभे सेट आणले. पात्रांचे पोशाख ते आधी कागदावर काढत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी विजेच्या दिव्यांवर चित्रण केलं. सिनेमाची पोस्टरंही स्वतःच रंगवली. आज शिल्लक असलेल्या भारतीय पोस्टरांत त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर सर्वांत जुन्यांपैकी मानलं जातं.

शेतकऱ्याचं दुःख पडद्यावर

देवादिकांच्या कथांचा जमाना असताना १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी ती कथा. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले. त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. हाताखाली शिकलेली माणसं गेली, पाठोपाठ बोलपट आले. आवाजामुळे चित्राची भाषा मागे पडेल असं बाबूरावांना वाटे. त्यांची कंपनी बंद पडली. पुढे त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे मोजके बोलपट केले, पण मन रमलं ते रंगांत आणि शिल्पांतच. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

आता पाट्यांच्या जागी फ्लेक्स आले. तालुक्याच्या गावीही ब्रश धरणारे हात कमी झाले. कोल्हापुरात बाबूरावांची आठवण म्हणून कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. कॅमेरा त्यांनी बनवला खरा, पण नावापुढे कायमचा राहिला तो ब्रशच.