समजून घ्या : घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली तर? डॉ. रखमाबाई ते आजचा सायबर कायदा

कुणाचा खासगी फोटो किंवा घरातला वाद आज मिनिटभरात हिंगोलीतून मुंबईपर्यंतच्या मोबाइलवर पोहोचतो. सुमारे १४० वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांतून असेच घडले आणि त्याचा त्रास डॉ. रखमाबाई राऊत यांनी सोसला.

कोण होत्या रखमाबाई?

जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले. पण त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजी हायकोर्टात गेले.

गाजलेला खटला

१८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी त्यांनी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. केसरीने त्यांच्यावर टीका केली. दादाजींनी पुस्तिका छापून आरोप केले. रखमाबाईंना वर्तमानपत्रातूनच उत्तर द्यावे लागले. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कायदा काय सांगतो?

रखमाबाईंच्या काळी बदनामीचा कायदा होता, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात तो मान्य केला.

- संमतीशिवाय कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचा फोटो काढणे किंवा पसरवणे : माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ई. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- अश्लील मजकूर ऑनलाइन पसरवणे : कलम ६७. पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.
- बदनामी : भारतीय न्याय संहिता, कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत कैद.

तुम्ही काय कराल?

पोस्टचा स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेवा. जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या. आणि असा मजकूर ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका. पसरवणाराही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो.