लस घेऊनही आजार होतो, मग लस कशाला? प्लेगच्या गावात हाफकिन यांनी मांडलेला हिशोब

पावसाळा लागला की दवाखान्यात सर्दी-तापाची रांग लागते. फ्लूची लस घेतलेला एखादा माणूसही अंथरूण धरतो आणि मग लसीचा उपयोग तरी काय, असा प्रश्न पारावर निघतोच. हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या लसीबाबत तोच विचारला गेला होता. त्याचे उत्तर आकड्यांत देणारा माणूस म्हणजे डॉ. वाल्डेमार हाफकिन. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ज्यू कुटुंबातल्या या तरुणाला मायदेशी संधी मिळाली नाही. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातल्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. तिथेच पटकीची लस तयार करून १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एका अरुंद बोळवजा ओसरीत. मदतनीस मोजकेच, त्यातलेही काही काम सोडून गेले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवत, मग उष्णतेने मारून त्यांची लस करत. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. अंगात सणसणून ताप भरला, पण दोन-चार दिवसांत ते सावरले.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी सहा जण दगावले, घेतलेल्यांपैकी एकही नाही. बाहेर मात्र भीती कायम होती. घरात शिरून होणारी तपासणी आणि माणसांना छावणीत नेणे यामुळे लोक सरकारवर चिडलेले, त्यामुळे सुईवरही विश्वास बसेना. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

सगळ्यात बोलका हिशोब मिळाला १८९८ मध्ये, बडोदा संस्थानातल्या उंडेरा गावात. तिथे प्लेग सुरू असतानाच घराघरांतल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. एकच छप्पर, एकच चूल, एकच पाणी. फरक फक्त लसीचा. पुढे २८ घरांत प्लेग झाला. त्या घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यांतल्या ८ जणांना प्लेग झाला आणि ३ जण दगावले. लस न घेतलेले ६४ होते. त्यांतल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ जण गेले.

म्हणजे लस घेतलेल्यांनाही प्लेग झाला, काही मेलेसुद्धा. हाफकिन यांनी ते लपवले नाही. पण एकाच घरातली ही दोन बाजूंची बेरीज पाहिली की लसीने काय केले ते कळते.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. मात्र ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मल्कोवाल गावी लस घेतलेल्या १०७ पैकी १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हे सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना बाजूला करण्यात आले. गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब मागाहून पुढे आली. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा कलकत्त्यात कामाला लागले, पण पूर्वीचा मान काही परत मिळाला नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्लेगच्या लसीचा जोर काही महिनेच टिके, साथ परत आली की परत टोचून घ्यावी लागे. फ्लूचेही काहीसे तसेच, फक्त कारण थोडे वेगळे. लसीचा जोर तर ओसरतोच, शिवाय फ्लूचा विषाणू सतत रूप बदलत राहतो. म्हणून एकदा फ्लू होऊन गेलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो आणि लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. विषाणूशी लस चांगली जुळली, तर दवाखाना गाठायला लावणाऱ्या फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. तरीही आजार झालाच, तर तो जिवावर बेतण्याची शक्यता घटते. वयस्कर माणसे, गरोदर महिला, दमा आणि साखरेचे रुग्ण यांनी डॉक्टरांशी बोलून लस घ्यावी ती याचसाठी.

लस घेतलेला एक जण आजारी पडला म्हणून लस फुकट गेली, असे म्हणण्याआधी न घेतलेल्यांचीही मोजणी करावी लागते. उंडेऱ्यात एका बाजूला ३ मृत्यू होते, दुसऱ्या बाजूला २६.