पगारातले २०० रुपये आणि वि. स. पागे

महाराष्ट्रात नोकरीला लागलात की सॅलरी स्लिपवर पीएफच्या आसपास एक बारकी ओळ दिसते: पीटी, म्हणजे व्यवसाय कर. दर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. इन्कम टॅक्स वाचवायचे रील आपण रात्र रात्र बघतो, या ओळीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. १९७५ च्या कायद्याने हा कर आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि त्यातून गावातल्या माणसाला गावाजवळच काम मिळायचं. ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते विठ्ठल सखाराम पागे.

पागे सांगली भागातले, जन्म १९१०. स्वातंत्र्यलढ्यातले, गांधीविचारांचे कार्यकर्ते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्याच खुर्चीवर होते. सभापतीने सभागृह चालवायचं असतं. बेकारीवर योजना काढणं त्यांच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये कुठेच बसत नव्हतं.

पण कोरडवाहू शेती त्यांनी जवळून पाहिली होती. आमच्या परभणीकडे हे वेगळं समजवावं लागत नाही. सुगी आटोपली की मजुराच्या हाताला काम नसतं. मग जिंतूर, गंगाखेडकडची माणसं बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातात, पोरांची शाळा तिथंच सुटते. पागेंनी १९६५ च्या सुमारास मुख्यमंत्री वसंतराव नाईकांकडे ही कल्पना मांडली आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात तिचा प्रयोग सुरू झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर पायलट.

आता मला यातला सगळ्यात भारी वाटणारा भाग. समजा तुम्हाला सांगितलं, की राज्यातल्या गरजू लोकांची यादी काढा. आज आपण लगेच डेटाबेस, आधार, उत्पन्नाचा दाखला असं सुरू करू. तेव्हा यातलं काही नव्हतं, आणि यादी गावातल्या वजनदार माणसाने केली की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. पागेंच्या योजनेत यादीच नव्हती. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, बस. काम अंगमेहनतीचं, मजुरी बेताची. ज्याचं घरचं बरं चाललंय तो उन्हात माती उपसायला येणारच नाही. म्हणजे फिल्टर कागदावर नव्हता, कामातच होता. सिस्टीम डिझाइन शिकवताना हे उदाहरण का देत नाहीत, मला कळत नाही.

१९७२ ला योजना राज्यभर जाहीर झाली आणि लगेच तो दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. तुमच्या आजीला विचारा: खडी फोडणं, पाझर तलाव, सुकडी, लाल मिलो. दुष्काळ सरल्यावर योजना कायमची करायची ठरली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. काम हा हक्क झाला. बाई असो की बाप्या, मजुरीचा दर एक. या कामांवर बायकांची संख्या मोठी राहिली.

बग होतेच. ५० मजूर जमल्याशिवाय नवं काम उघडत नसे. मागणीची पोच हातात नसेल तर भत्ता कशाच्या जोरावर मागणार? तो फार थोड्यांना मिळाला. खोट्या मस्टरच्या तक्रारी तर गावोगाव.

माझ्या मते मोठी अडचण दुसरीच होती. खर्चातला ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर गेला पाहिजे असा नियम. त्यामागचं कारण बरोबर होतं, नाहीतर पैसा यंत्रांच्या ठेकेदारांकडे गेला असता. पण आयटीआय केलेला फिटर मस्टरवर आला तरी त्याच्या हाती कुदळच. दहा वर्षं काम केलेली बाईही पहिल्या दिवशी होती तिथेच. ज्या १९७२ मध्ये योजना आली त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथं शास्त्र शिकवलं जात होतं आणि त्याच जिल्ह्यात (तेव्हा हिंगोलीही यातच) हजारो हात नुसती माती वाहत होते. या दोघांची गाठ घालून द्यायची सोय योजनेत नव्हती.

पुढे १९९०-९१ पासून रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. स्वतःच्या शेतात खड्डे, कलमं, खतं यांचा खर्च योजनेतून, आणि मागे राहते ती उभी बाग. कलम जगवायला थोडं शिकावंही लागतं. पागे मात्र १९९० मध्येच गेले होते. २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तोही त्यांना बघायला मिळाला नाही. त्या कायद्यात वर्षाला १०० दिवसांची हमी होती. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा घातलेली नव्हती.